फॉर्च्युनरचे सस्पेन्शन : महामार्गासाठी आणि दगडधोंड्यांसाठी

महाराष्ट्रात टोयोटा फॉर्च्युनर जितकी पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसते तितकी चिखलात दिसत नाही. पण तिच्याखाली वाकून पाहिले, तर ही गाडी कष्टाच्या कामासाठी घडवलेली आहे हे लगेच लक्षात येते : शिडीच्या आकाराची चासी, पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन, म्हणजे वर-खाली असे दोन आर्म, आणि स्प्रिंगसह शॉक ॲब्सॉर्बर बसवलेला स्ट्रट, मागे अखंड ॲक्सल, त्याला पुढे-मागे धरून ठेवणारे चार दांडे, डाव्या-उजव्या बाजूला सरकू न देणारा एक आडवा दांडा आणि दोन कॉइल स्प्रिंग. हायलक्स पिकअपशी तिचे नाते इथेच उघड होते. हायलक्सला मागे कॉइलच्या जागी पाटे आहेत, हा मोठा फरक. भारतात नोव्हेंबर २०१६ पासून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या फॉर्च्युनरचे सस्पेन्शन पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शंभराच्या वेगाने आणि स्पितीच्या दगडगोट्यांवर दहाच्या वेगाने सारख्याच विश्वासाने वागेल असे कसे जुळवावे, ते येथे कामाच्या क्रमाने मांडले आहे. इतर मोठ्या एसयूव्हींनाही यातले बरेच लागू पडेल, मात्र मोजमापे त्या त्या गाडीची घ्यावीत.

आधी काटा, मग दुकान

बहुतेक जण सुरुवात उंचीपासून करतात. ‘दोन इंच उचलायची आहे’ असे गॅरेजमध्ये सांगितले जाते आणि गॅरेजवालाही त्याच भाषेत उत्तर देतो. वास्तविक स्प्रिंगची निवड वजनावरून होते आणि उंची त्या निवडीतून आपोआप ठरते. म्हणून पहिले काम म्हणजे गाडी वजनकाट्यावर नेणे. खडी क्रशर, साखर कारखाना, बाजार समिती, भंगाराचे गोदाम, कुठलाही ट्रक तोलणारा काटा चालतो. टाकी भरलेली असावी आणि प्रवासात जे सामान नेहमी बरोबर असते ते सर्व गाडीत असावे : टपावरचे कॅरिअर, फ्रीज, दुसरी बॅटरी, हवा भरण्याचा पंप, पाण्याचे कॅन, अडकलेली गाडी ओढण्याचे पट्टे आणि शॅकल. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा लिहावा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. पुढच्या आणि मागच्या आकड्यांची बेरीज एकूण वजनाशी जवळपास जुळली नाही, तर काट्याचा फलाट आणि रस्ता एका पातळीत नाहीत असे समजून मोजणी पुन्हा करावी. हीच तोलणी दोन वेळा करावी : एकदा रोजच्या वापरातली गाडी, म्हणजे चालक आणि फार तर एक जण, आणि एकदा कुटुंब व सामानासह सहलीला निघालेली गाडी. या दोन तोलण्यांमध्ये मागच्या ॲक्सलवर किती फरक पडतो, हा आकडा पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया आहे.

दुसरी नोंद उंचीची. सपाट फरशीवर गाडी उभी करून, हँडब्रेक न ओढता दोन वेळा पुढे-मागे ढकलून, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवेचा दाब त्या आकड्यात मिसळतात. चाकाच्या मध्यापासून मोजल्यास केवळ सस्पेन्शनची उंची कळते. उजवी आणि डावी बाजू पाच-सात मिलिमीटरने वेगळी निघाली तर दचकू नये. चालक, इंधनाची टाकी आणि बॅटरी गाडीच्या मध्यावर बसवलेली नसतात.

उंचीने काय मिळते आणि काय जाते

चासी ४० ते ५० मिलिमीटर वर गेली की पोट, पायदान आणि बंपर दगडापासून दूर जातात. फॉर्च्युनरचा व्हीलबेस २७४५ मिलिमीटर आहे. दोन चाकांच्या मधोमध पोट ५० मिलिमीटर वर उचलले, तर उंचवटा ओलांडण्याचा कोन साधारण चार अंशांनी वाढतो, आणि बांधावरून किंवा ओढ्याच्या काठावरून गाडी पलीकडे उतरवताना हे चार अंश जाणवतात. पण मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा स्प्रिंग बदलून तसूभरही वर जात नाही, कारण तो चाकांच्याच पातळीला बांधलेला आहे. तो उचलतो फक्त टायर. मूळ २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो आणि २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३. म्हणजे गोळा जेमतेम १३ मिलिमीटर वर जातो आणि त्याच्या बदल्यात स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवू लागतो. खडकाळ वाटेवर मागचा गोळा कुठून न्यायचा हे चालकालाच पाहावे लागते. महागड्या स्प्रिंगने ती जबाबदारी टळत नाही.

उंचीची किंमत वळणावर मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी अधिक कलते आणि उलटण्याच्या सीमेजवळ लवकर पोचते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे असे धरले आणि तो पाच सेंटिमीटरने वाढला, तर चाकांमधल्या अंतराशी त्याचे गुणोत्तर सहा टक्क्यांहून अधिक बिघडते. वर टपावर कॅरिअर आणि त्यात दोन भरलेले कॅन असतील, तर आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात तो फरक पोटात गोळा आणतो. त्यामुळे रस्ता आणि रानवाट अशा दोन्ही वापरांसाठी ५० मिलिमीटर ही वरची मर्यादा मानावी, आणि रस्त्याचा वाटा मोठा असेल तर ३० ते ४० मिलिमीटरवर थांबावे, असे माझे मत आहे. सत्तर-ऐंशी मिलिमीटर उचललेल्या गाड्या छायाचित्रांत छान दिसतात.

स्प्रिंग

येथे आपल्याकडे एक चूक वारंवार होते आणि तिचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. या गाडीसाठी मिळणारे बहुतेक सस्पेन्शन संच ऑस्ट्रेलियन वापर डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. एआरबीचे ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग, डॉबिन्सन्स ही नावे त्याच बाजारातून आली आहेत. तिथल्या प्रवासी गाडीला पुढे बंपरवर पोलादी बुलबार आणि अडकलेली गाडी ओढून काढणारे विंच असते, मागे पेट्या आणि बहुधा ओढायला कॅरॅव्हॅन असते, त्यामुळे उत्पादकाच्या वजनवार तक्त्यातली मधली म्हणून दाखवलेली स्प्रिंगही जास्तीचे वजन गृहीत धरूनच बनवलेली असते. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. म्हणजे पुढच्या टोकाला ते वजन येण्याचा मार्गच नाही, आणि तरीही लोक ‘हेवी ड्युटी’ या दोन शब्दांना भुलून जाड स्प्रिंग बसवून घेतात.

मीही भुललो होतो. पहिल्या खेपेला मी पुढे शंभर किलो जास्तीच्या वजनाची स्प्रिंग बसवली, आणि गाडीला तसले वजन काहीच नव्हते. गाडी नाक वर करून उभी राहिली, गावाबाहेरच्या प्रत्येक गतिरोधकावरून उतरताना पुढे ‘टक्’ असा धातूचा आवाज येऊ लागला, आणि महामार्गावर स्टिअरिंग हलके, पोकळ वाटू लागले. आवाजाचे कारण साधे होते. स्प्रिंगने चाक इतके खाली ढकलून धरले होते की शॉक ॲब्सॉर्बरला उलगडायला जागाच उरली नव्हती, आणि चाक खाली जाताच तो शेवटच्या टोकाला आदळत होता. चाकाच्या एकूण हालचालीला बांधलेली मर्यादा असते. त्यातला वर जाण्याचा वाटा वाढवला तर खाली जाण्याचा वाटा तितकाच कमी होतो, आणि रानवाटेवर चाक जमिनीला टेकून ठेवण्याचे काम हा खाली जाण्याचा वाटाच करत असतो.

पुढच्या स्प्रिंगचे गणित करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्ट्रट चाकाच्या रेषेत उभा नसून खालच्या आर्मवर आत, जवळपास निम्म्या अंतरावर टेकलेला असतो. त्यामुळे स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली तर चाकापाशी उंची ४५ ते ५० मिलिमीटर वाढते. बाजारात अशा चकत्या स्वस्तात मिळतात आणि ‘लिफ्ट किट’ म्हणून खपवल्या जातात. चकतीने स्प्रिंगची ताकद बदलत नाही, शॉक ॲब्सॉर्बरची लांबी बदलत नाही; चाक मात्र कायमचे त्याच्या खालच्या मर्यादेकडे ढकलले जाते. एका बाजूची उंची पाच-दहा मिलिमीटरने जुळवण्यासाठी पातळ चकती वापरणे योग्य आहे, पण त्यावरच सगळी उंची मिळवणे योग्य नाही.

मग निवड कशी करावी? काट्यावरच्या आकड्यांतून मूळ गाडीच्या पुढच्या ॲक्सलचे रिकामे वजन वजा करावे. उरलेला आकडा ५० किलोच्या आत असेल, आणि बुलबार नसलेल्या फॉर्च्युनरमध्ये तो बहुधा असतोच, तर तक्त्यातली सर्वांत हलकी पुढची स्प्रिंग घ्यावी. मागे प्रश्न अधिक अवघड आहे, कारण गाडी सात आसनी आहे आणि सोमवार ते शुक्रवार तिच्यात बहुधा एकच माणूस असतो. मागची स्प्रिंग कायम असणाऱ्या वजनावर निवडावी, कधीमधी येणाऱ्या वजनावर निवडू नये. दिवाळीत कोकणात जाताना सहा माणसे आणि सामान यांनी गाडी मागे बसते म्हणून वर्षभर लोखंडी पलंगासारखी स्प्रिंग सोसण्यापेक्षा, कॉइलच्या आत बसणारी रबरी एअर बॅग हा बरा मार्ग आहे. वजन असेल तेव्हा हवा भरावी आणि एरवी पाच पीएसआयच्या आसपास ठेवावी, म्हणजे बॅग दुमडून कॉइलमध्ये चिमटत नाही. रानवाटेवर मात्र भरलेली बॅग मागच्या चाकांची स्वतंत्र हालचाल अडवते, म्हणून तिथे दाब उतरवावा.

नरम आणि कडक हे शब्द फसवे आहेत, आणि त्यांना आकडा देता येतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी जितकी दबते त्यावरून गाडीच्या हेलकाव्याची गती ठरते : २५० मिलिमीटर दबली तर सेकंदाला एक हेलकावा, ११० मिलिमीटर दबली तर दीड. आरामदायी गाड्या साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये राहतात. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवून दिले की मागच्या टोकाचा हेलकावा पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल, तर उंचवट्यानंतर गाडी नाक-शेपटी हलवत न राहता लवकर सपाट होते. पुढे जाड आणि मागे मूळ स्प्रिंग घातली की हे नाते उलटते, आणि मागे बसलेल्या मुलांना गाडी लागू लागते. दोन्ही टोके एकाच वेळी, एकाच संचातून बदलावीत, ते यासाठी.

शॉक ॲब्सॉर्बर

स्प्रिंग गाडी तोलते, शॉक ॲब्सॉर्बर तिचा हेलकावा शमवतो, आणि माझ्या मते पैशाचा मोठा वाटा येथेच खर्च करावा. चाक वर जातानाचा विरोध आणि ते परत खाली येतानाचा विरोध हे दोन वेगळे गुण आहेत आणि परतीचा विरोध नेहमी जास्त ठेवलेला असतो. तो कमी पडला तर द्रुतगती मार्गावर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी होडीसारखी दोन-तीन वेळा डुलते. तो गरजेपेक्षा जास्त झाला तर उलट त्रास होतो : लदाख किंवा स्पितीत कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या असतात, तिथे एका लाटेनंतर चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरी लाट येते, गाडी हळूहळू आपल्याच स्प्रिंगवर दबत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळू लागते. मालक म्हणतो स्प्रिंग नरम आहे, आणि आणखी जाड स्प्रिंग घालतो.

अशा लाटांवर तासभर गाडी चालली की आतले तेल तापते आणि विरोध कमी होतो. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि वायू मिसळून फेस होतो. त्यावर उपाय म्हणून काही संचांत वायूच्या जागी फोमची नळी घालतात आणि त्याला फोम सेल म्हणतात. एकेरी नळीच्या प्रकारात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. तो लवकर थंड होतो आणि रस्त्यावर नेमका वागतो, पण बाहेरच्या नळीला दगडाचा ठोसा बसून खड्डा पडला तर पिस्टन तिथेच अडतो. दुहेरी नळीचा शॉक तोच ठोसा सोसून चालत राहतो. सह्याद्रीतल्या काळ्या दगडात वर्षातून चार वेळा जाणाऱ्या आणि उरलेले वर्ष डांबरावर काढणाऱ्या माणसाला चांगल्या प्रतीचा दुहेरी नळीचा, जाड पिस्टनचा शॉक पुरेसा आहे. वेगळी टाकी असलेले महाग प्रकार, किंवा पिस्टनच्या जागेनुसार विरोध बदलणारे एआरबीच्या बीपी ५१ सारखे प्रकार, लांबच्या कच्च्या प्रवासांत पैसे वसूल करतात. शहरातल्या गाडीत ते बहुतांशी मित्रांना दाखवण्यासाठी असतात. हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर सुटे भाग कुठे मिळतील, हाही निवडीचा भाग आहे. स्पितीतल्या काझामध्ये शॉक फुटला तर बदली शॉक चंडीगडहून येईपर्यंत हॉटेलचे भाडे भरावे लागते.

शॉकची लांबी नव्या उंचीला साजेशी असलीच पाहिजे. स्प्रिंग आणि शॉक एकाच उत्पादकाचे, एकाच तक्त्यातले घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

आर्म, आडवा दांडा आणि इतर परिणाम

पुढे उंची वाढली की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट त्याच्या टोकाकडे झुकतो, चाकाला ताकद देणाऱ्या ॲक्सल-शाफ्टचा कोन वाढतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिले असता स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन; सायकलच्या पुढच्या चिमट्याचा तिरकेपणा आठवावा. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी सतत सावरावी लागते. ४० मिलिमीटरपर्यंत उंची असेल तर खालच्या आर्मच्या, फिरवून आर्म सरकवता येणाऱ्या कॅम बोल्टांवर बहुधा पुरेसा कॅस्टर मिळतो. ५० मिलिमीटरला पोचल्यावर कॅस्टर परत देणारे बदली वरचे आर्म घ्यावेत, आणि त्यांचा बॉल जॉइंट ग्रीस भरता येणारा किंवा सहज मिळणारा असावा. ॲक्सल-शाफ्टच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींना घासत असतील तर ग्रीस बाहेर पडू लागते. दर सर्व्हिसला तिथे टॉर्च मारून पाहावे.

मागे आडवा दांडा एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला बांधलेला असल्यामुळे, चासी वर गेली की दांडा ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. एका बाजूचे टायर मडगार्डबाहेर जास्त डोकावताना दिसते ते यामुळे. पाच-सात मिलिमीटर असेल तर सोडून द्यावे. त्याहून जास्त असेल तर लांबी जुळवता येणारा दांडा बसवावा.

वळणावर गाडीचे कलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनमध्ये त्याने मिळणारी जास्तीची हालचाल तुटपुंजी असते आणि घाटातले कलणे मात्र दुप्पट वाटावे इतके वाढते. तो जागेवरच राहू द्यावा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. खर्च करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, गाडी हमीच्या काळात असेल तर तिचे काय होते तेही विचारावे आणि मूळ भाग जपून ठेवावेत. भंगारवाल्याला शॉक देऊन मिळालेले चारशे रुपये नंतर महाग पडतात.

बसवणी

हे काम घरी करता येते, पण एका गोष्टीला हात लावू नये : पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग हाताच्या कॉम्प्रेसरने दाबणे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद सुटली तर हाड मोडते, क्वचित जीवही जातो. जुळवलेला स्ट्रट चांगल्या गॅरेजमधून भिंतीला बांधलेल्या यंत्रावर तयार करून घ्यावा आणि मग बसवावा.

गाडी सपाट काँक्रीटवर, चाकांना पाचर लावून, चासीखाली भक्कम स्टँड देऊन उचलावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये. पुढच्या बाजूला चाक काढल्यावर प्रथम एबीएसच्या तारेचा आणि ब्रेकच्या होजचा क्लिप सोडवावा, कारण आर्म खाली आला की ताण तिथेच येतो. मग स्टॅबिलायझरची लिंक, वरच्या बॉल जॉइंटची पिन आणि नट, खालचा स्ट्रटचा बोल्ट आणि शेवटी वरचे तीन नट, असा क्रम ठेवावा. बॉल जॉइंट सोडल्यावर सबंध नकल, म्हणजे ज्यावर चाक बसते तो भाग, बाहेर कलते आणि ॲक्सल-शाफ्ट ओढला जातो, म्हणून नकलला तारेने बांधून ठेवावे. मागचे काम सोपे आहे : ॲक्सलला जॅकचा आधार द्यावा, दोन्ही शॉक सोडावेत, ॲक्सल हळूहळू खाली सोडावा, स्प्रिंग हाताने निघते. या वेळी एकाने ब्रेकचा होज आणि डिफरन्शिअलच्या श्वासनळीवर नजर ठेवावी. स्प्रिंगचे शेवटचे टोक खालच्या बशीतल्या खाचेत नीट बसले पाहिजे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती फिरते आणि गाडी एका अंगाला कलते.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट. आर्म आणि दांड्यांच्या टोकांना असलेले रबरी बुश फिरत नाहीत, ते पिळले जातात. चाके हवेत लटकत असताना त्यांचे बोल्ट घट्ट केले, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत अडकतो. गाडी जास्त उंच आणि कडक वाटते आणि वर्षभरात रबर फाटते. म्हणून जागेवर ते बोल्ट फक्त हातघट्ट ठेवावेत, चाके लावून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढे-मागे ढकलून बसू द्यावी, आणि मगच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पाना वापरून घट्ट करावेत. घाईतला मेस्त्री हे काम रॅम्पवरच उरकतो, आणि त्याला थांबवणे हे गाडीमालकाचेच काम आहे.

अलाइनमेंट आणि पहिली चाचणी

बसवल्यावर तीस-चाळीस किलोमीटर हळू चालवून स्प्रिंगा जागेवर बसल्या की अलाइनमेंट करावी. शहरातली पुष्कळ केंद्रे फक्त टो, म्हणजे वरून पाहिले असता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, जुळवून गाडी परत देतात. आपण कॅस्टर आणि कॅम्बरही (समोरून पाहिले असता चाकाचा कलता कोन) मागावेत आणि आधीचा व नंतरचा छापील कागद घ्यावा. कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखा आणि तीन अंशांच्या आसपास असेल, कॅम्बर शून्याजवळ असेल, तर बरे. त्यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा संवेदक स्कॅन-टूलने शून्यावर आणावा, कारण गाडीची स्थिरता राखणारी यंत्रणा त्यावर विसंबून असते. हेडलाइट पुन्हा खाली जुळवावेत. उचललेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि बहुतेकांना याची आठवणच राहत नाही.

पहिली चाचणी ओळखीच्या रस्त्यावर घ्यावी. वीसच्या वेगाने गतिरोधक ओलांडल्यावर नाक एकदा वर येऊन एकदाच खाली बसले पाहिजे. ऐंशीला लेन बदलताना कलणे एका टप्प्यात व्हावे, मागून दुसरा धक्का येऊ नये. ब्रेक जोरात दाबून गाडी सरळ रेषेत थांबते का ते मोकळ्या जागी पाहावे. मग एखाद्या आडव्या ओघळातून गाडी तिरपी न्यावी, जेणेकरून एका बाजूचे पुढचे आणि दुसऱ्या बाजूचे मागचे चाक एकदम वर दबतील. उतरून टायर मडगार्डला, होज टायरला आणि शॉक आर्मला घासतो का ते हाताने चाचपावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हे पुन्हा करावे. टायर मोठे घातले असतील तर घासणे येथेच उघड होते, महामार्गावर नाही.

रानवाटेवर शिरताना टायरचा दाब उतरवणे हेही सस्पेन्शनचेच काम आहे, कारण पहिला धक्का टायर घेतो. मुरूम आणि दगडावर २२ ते २४ पीएसआय, मऊ वाळूत १५ ते १८, आणि त्या दाबावर वेग चाळीसच्या आत. डांबरावर परत येताच पंप काढून दाब भरावा. पावसाळ्यातल्या लाल चिखलात मात्र कोणतीही स्प्रिंग कामाची नाही. तिथे टायरची नक्षी आणि परत फिरण्याची तयारी उपयोगी पडते. आणि सड्यांवर, कुरणांत, समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये, मग ती कितीही उचललेली असो.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासावा आणि चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतची चारही मापे पुन्हा घ्यावीत. नव्या स्प्रिंगा काही मिलिमीटर बसतात, त्यामुळे त्या वेळचे आकडे हेच गाडीचे खरे आकडे. ते डॅशबोर्डच्या खणात चिकटवून ठेवावेत आणि दर सर्व्हिसला एकदा टेप लावावा. एका कोपऱ्याचे माप दहा मिलिमीटरने कमी आले तर त्या बाजूची स्प्रिंग थकली आहे किंवा तिची बशी गंजली आहे, आणि उजवी-डावी अशी जोडीनेच बदलण्याची वेळ आली आहे.